कडेवर

बेंबीला बारा धरायचे.
तिथून उजवीकडे सरकत तीन म्हणजे कमरेचं हाड,
चार त्याच्या जरा मागे, जिथे मांस मऊ असतं,
सहा मणक्यावर. सहावर काही ठेवू नका,
बर्फावर घसरलात तर मणकाच जायचा.
एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो
आणि निळं प्लास्टिकचं पिस्तूल हातात देतो,
वजनासाठी आत शिसं ओतलेलं.

व्हर्ना टिडवेल मंगळवारी आली, रात्रपाळी संपवून,
मस्कोगीच्या हायवेवरचा पेट्रोल पंप अजून अंगावर:
जळकी कॉफी, फरशीचं फिनेल.
सेलमध्ये घेतलेलं नायलॉनचं होल्स्टर टेबलावर टाकलं.
"टोचतं. मग काढून पर्समध्ये ठेवते,
मग पर्स कुठे ठेवली ते शोधत बसते."

दोष होल्स्टरचा कमी, पट्ट्याचा जास्त.
बाजारातला पट्टा, आत पुठ्ठा; वजन पडलं की मान टाकतो.
मी दीड इंची दुहेरी चामडं काढलं,
गाईच्या पाठीचं. पोटाचं नाही, पोटाचं ताणतं.
पँट एक माप मोठी घ्या, म्हणालो.
"हे मला आजवर कुणी इतक्या सभ्यपणे सांगितलं नव्हतं."

तीनवर लावलं, हाडावर घासलं.
पाचवर लावलं, खुर्चीत बसताच पाठीत रुतलं.
बायकांच्या कमरेला वळण असतं, मूठ बरगडीत शिरते,
हे कळायला मला तीस वर्षं लागली
आणि ओपलचे टोमणे.
पुढे कलतं केलं, पंधरा अंश. खाली चामड्याची पाचर.
वाका. बुटाची नाडी बांधा.
वरच्या फळीवरचा मेणाचा डबा काढून द्या.
गाडीत बसल्यासारख्या बसा, सीटबेल्ट ओढा. ओढल्यासारखं करा हो.

साडेतीनला ती थांबली.
तिथे तळहात ठेवून म्हणाली,
"इथे माझी तिन्ही पोरं बसायची. याच कडेवर.
डावा कान बहिरा, त्या बाजूने रडणं ऐकूच यायचं नाही.
डॉक्टर म्हणतो, हे हाड दुसऱ्याहून बोटभर वर आहे."
मी टेप पुन्हा लावला. खरंच, बोटभर.
भोकं खाली पाडली, लूप तिरका शिवला.

तीन आठवड्यांनी आली, बिस्किटं घेऊन.
"आता आहे हे कळतसुद्धा नाही."
आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.
चर्चमध्ये एकदाच बाकाला ठक्क वाजलं,
आणि मागच्या रांगेतून कुणाच्या तरी कमरेनं
तसंच ठक्क उत्तर दिलं.
हसलो दोघंही. बिस्किटात मीठ जास्त होतं, बोललो नाही.

दारापर्यंत गेली आणि परत आली.
शनिवारी धाकटीची मुलगी धावत आली म्हणे, पाच वर्षांची,
दोन्ही हातांनी कमरेला मिठी घातली
आणि गाल टेकला तो नेमका साडेतीनला.
"आज्जी," म्हणाली, "तुझं हाड केवढं मोठं झालंय."

"अर्धा इंच मागे घेता येईल?"

येईल की. पण पोरी दर उन्हाळ्यात दोन इंच वाढतात,
पुढच्या वर्षी तो गाल कुठे टेकेल
ते माप माझ्या टेपवर नाही.
मी अरी उचलली, कालचा नाही, तीन आठवड्यांपूर्वीचा टाका
उसवायला घेतला.
पट्ट्यावर आतून घामाची काळी कमान उमटली होती,
एका बाजूला बोटभर वर.

"तोवर डाव्या कडेवर घेईन तिला," ती म्हणाली.
थोडा वेळ नुसती दोऱ्याकडे बघत राहिली.
"त्या बाजूने मला ऐकू येत नाही."